कसुती : दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी कशिदाकारी

उत्तर कर्नाटकातील धारवाड, हुबळी आणि बागलकोट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली कसुती ही भारतातील अत्यंत काटेकोर भरतकामांपैकी एक समजली जाते. अवघ्या 4 टाक्यांवर उभी असलेली ही कला शिकण्यास वरवर सोपी वाटते. प्रत्यक्षात तिला कमालीची एकाग्रता आणि दीर्घ सराव लागतो. संगणकीय यंत्रांवर हुबेहूब दिसणारे नक्षीकाम स्वस्तात तयार होऊ लागल्याने हातांनी टाका घालणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाचे मोल टिकवण्याचा प्रश्न आज या कलेपुढे आहे.

नाव आणि परंपरा

कन्नड भाषेत 'कै' म्हणजे हात. हा शब्द आणि 'सुती' यांच्या संयोगातून कसुती हे नाव आले, असे मानले जाते. महाराष्ट्राला ही कला परिचित आहे ती इरकली लुगड्यांमुळे. बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावावरून नाव पडलेली ही लुगडी सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि मराठवाड्यातही आवडीने वापरली जातात. 1956 मधील राज्य पुनर्रचनेपर्यंत धारवाड आणि विजापूर हे जिल्हे मुंबई राज्यातच होते. त्यामुळे या भागातील वस्त्रपरंपरेचे धागे दोन्ही भाषकांच्या घरांत गुंफलेले आढळतात.

काळ्या चंद्रकळेवर कसुती भरून ती वधूला देण्याची प्रथा या भागात होती. गोपुर, रथ, पालखी, तुळशी वृंदावन, दीपमाळ, हत्ती, मोर आणि पोपट या आकृती कसुतीत प्रामुख्याने दिसतात.

चार टाके

कसुतीतील पहिला टाका 'गावंती'. प्रथम एक पूर्ण धावदोरा घातला जातो. त्यात एक टाका कापडावर, तर पुढचा कापडाखाली राहतो. रेषेच्या टोकाला पोहोचल्यावर सुई त्याच मार्गाने परत फिरते आणि मोकळ्या राहिलेल्या जागा भरून काढते. त्यामुळे सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंना अखंड रेषा उमटते. युरोपात हाच टाका हान्स होल्बाइन या सोळाव्या शतकातील चित्रकाराच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याने रंगवलेल्या व्यक्तिचित्रांतील वस्त्रांवर तो दिसतो.

दुसरा टाका 'मुर्गी'. गावंतीच्याच पद्धतीने तो पायऱ्यापायऱ्यांनी पुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो. तिसरा 'नेयगी'. विणणे या अर्थाच्या कन्नड शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. लहान-मोठ्या धावदोऱ्यांच्या समांतर ओळींनी तो भरला जात असल्याने आकृती मागावरच विणल्यासारखी भासते. चौथा 'मेंथी', म्हणजे मेथी. हा फुलीचा टाका असून तो प्रामुख्याने आकृतीचा आतील भाग भरण्यासाठी वापरतात. नेयगी आणि मेंथी यांची मागील बाजू मात्र पुढील बाजूसारखी नसते.

शिकण्याची रीत

पारंपरिक कसुतीत कापडावर नक्षी छापली किंवा रेखाटली जात नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालावा लागतो. एक टाका 4 धाग्यांवर घ्यायचा ठरल्यास 10 टाक्यांच्या रेषेसाठी 40 धागे अचूक मोजावे लागतात. एका धाग्याची जरी चूक झाली, तरी आकृतीची दुसरी बाजू येऊन मिळत नाही आणि काम उसवावे लागते.

याच कारणास्तव नवशिक्यांनी मॅटीसारख्या जाड, मोकळ्या विणीच्या कापडावर सुरुवात करणे हितावह ठरते. बोथट टोकाची सुई आणि हातभर लांबीचा धागा घ्यावा. धागा फार लांब असल्यास तो पिळतो व गुंततो. गाठ मारू नये. धाग्याचे टोक मोकळे सोडून नंतर ते टाक्यांखाली दडवावे.

प्रथम सरळ रेषेवर गावंतीचा हात बसवावा, त्यानंतर मुर्गीच्या पायऱ्या आणि मग लहान वृंदावनासारखी आकृती घ्यावी. खरी कसोटी लागते ती रेषेला फाटे फुटतात तेथे. मुख्य रेषेवरून जाताना फाटा लागला, की त्यावर जाऊन परत येणे आणि मग पुढे सरकणे, ही सोयीची पद्धत होय. जाताना सोडलेला फाटा परतीच्या वाटेवर पूर्ण करता येतो. तेव्हाही तो राहिला तर नवा धागा जोडावा लागतो आणि मागील बाजूची सफाई बिघडते. त्यामुळे सुई हाती घेण्यापूर्वी आलेख कागदावर आकृती काढून धाग्याचा मार्ग ठरवण्याचा सराव उपयुक्त ठरतो.

बारीक विणीच्या कापडावर धागे मोजणे डोळ्यांना त्रासदायक असते. त्यामुळे कापडावर जाळीदार कॅनव्हास टाचून त्यावर टाके घालतात आणि काम संपल्यावर कॅनव्हासचे धागे एकेक करून ओढून काढतात. काम दिवसाच्या भरपूर उजेडात करावे आणि मधूनमधून डोळ्यांना विश्रांती द्यावी.

अस्सल काम कसे ओळखावे

कसुतीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण लाभले आहे. तथापि, या संरक्षणाचा संबंध नावाच्या वापराशी असतो. तशाच आकृती यंत्रावर भरून दुसऱ्या नावाने विकल्या जाण्यास त्याने पूर्ण आळा बसत नाही. हे काम बहुतांशी स्त्रिया घरी बसून करतात आणि मोजण्यात व उसवण्यात गेलेले तास ग्राहकाला दिसत नाहीत. यंत्रकामाच्या किमतीशी तुलना होताच हातकाम महाग ठरते आणि मजुरी परवडत नसल्यास पुढची पिढी सुई हाती घेत नाही.

अशा वेळी ग्राहकाने कापड उलटून पाहणे महत्त्वाचे ठरते. यंत्राच्या कामात खालून दुसरा धागा येतो आणि अनेकदा आधारासाठी लावलेल्या कागदाचे अवशेषही राहतात. हाताने घातलेल्या गावंतीच्या मागे मात्र तीच रेषा, त्याच धाग्याने आणि गाठीविना दिसते. हा फरक ओळखून योग्य किंमत देणारा ग्राहक मिळाला, तरच कसुती शिकण्यास नव्या हातांना कारण उरेल.