घरगुती मोटारीचा वेग नेमका कुठे अडतो?

आमच्या ब्रह्मपुरीत मोटार म्हटलं की धानाला पाणी देणारा पंपच आठवतो. मी सांगतेय त्या मोटारीला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो. सोबत दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबरबँड, जुन्या स्पीकरचं चुंबक आणि वाइंडिंगवाल्याकडून आणलेली मीटरभर इनॅमल तार. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्तांमुळे ही मोटार तुम्ही शाळेत कदाचित पाहिलीही असेल. जाड मार्करवर १० वेढे घ्यायचे आणि तारेची दोन टोकं आस म्हणून पिनांच्या छिद्रांत ठेवायची. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूने. दोन्हीकडे पूर्ण खरवडलं तर अर्ध्या फेरीनंतर बल उलटतं आणि कॉइल जागीच डुलत बसते.

फिरली. आता ती जोरात फिरवायची तर काय बदलाल?

मी पुस्तकातलं उत्तर धरून बसले. फिरणारी कॉइल स्वतःच उलटा व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ तयार करते आणि वेग तिथे अडतो. म्हणून वेढे कमी करून पाहिले, मग चुंबक बदललं. दोन संध्याकाळी गेल्या. खडखडाट वाढला, वेग नाही. हिशेब मात्र केलाच नव्हता.

तो असा. आधी मोजणी: कॉइलच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. ठिपका १२ फ्रेममध्ये परत आला, तर सेकंदाला २० फेऱ्या. (साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर विसंबू नका, सेकंदाला ३० फेऱ्या घेणारी कॉइल त्यात चक्क थांबलेली दिसते!) आता १० वेढे, २ सेंटीमीटर व्यास, ०.०५ टेस्ला क्षेत्र धरा. बॅक ईएमएफ येतो जेमतेम ०.०२ व्होल्ट. सेल दीड व्होल्टचा! म्हणजे अडवणारा हा नव्हेच.

मग कोण? खडखडाट. कॉइलचं गुरुत्वमध्य आसेपासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असेल, तरी वेग वाढताना ते आसेला बाहेर ओढतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ती कॉइलच्या वजनाइतकी झाली की आस छिद्रात उडायला लागते, पिनेचा स्पर्श तुटतो, वीज खंडित होते. दोन्ही बाजूंना वस्तुमान असल्यामुळे ते कटतं, उरतं ९.८ भागिले ०.०००५, त्याचं वर्गमूळ १४०. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ फेऱ्या, मिनिटाला साधारण १३००. मी मोजलेल्या २० च्या किती जवळ, पाहा. कॉइल जड की हलकी, याने इथे काहीच फरक पडत नाही.

म्हणून चुंबकाला हात लावू नका, आस सरळ करा. सेल काढून कॉइल पिनांवर सोडा. दरवेळी तीच बाजू खाली येत असेल तर ती जड आहे. आस किंचित त्या बाजूला वाकवून पुन्हा सोडा. कुठेही थांबायला लागली की सेल लावा. सरक पाव झाली तर ही मर्यादा दुप्पट होते. त्यापुढे मात्र घर्षण आणि पिनेवरचा स्पर्श आडवे येतात, त्यांचा हिशेब वेगळा.

एक सांभाळा: मीटरभर तारेचा रोध ०.१ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किटच. कॉइल अडकली तर सेल लगेच काढा, आणि मोबाइलची लिथियम बॅटरी इथे अजिबात जोडू नका.