कोमेजलेले हायड्रेंजिया टाकून देण्यापूर्वी

सकाळी घरी आणलेले हायड्रेंजियाचे टपोरे फूल दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी कचऱ्याच्या टोपलीत जाते. फुलवाल्याने शिळा माल दिला, असा समज करून घेतला जातो. पुष्कळदा तसे नसते. फूल जिवंत असते, पण दांडीतून त्याच्यापर्यंत पाणी पोहोचणे थांबलेले असते. हायड्रेंजियाची एक दांडी सहसा निशिगंधाच्या अख्ख्या जुडीहून महाग पडते. त्यामुळे हा फरक ओळखता येणे खर्चाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

हायड्रेंजिया मूळचे थंड आणि ओलसर प्रदेशातील झुडूप आहे. बागांतून सर्वाधिक दिसणारी मोठ्या गोल गुच्छांची जात जपानमधील असून भारतात ती थंड हवेच्या डोंगराळ ठिकाणी चांगली फुलते. मैदानी, उष्ण भागातील घरात हे फूल येते ते पाहुणे म्हणूनच. या पाहुण्याची खरी कसोटी कुठे लागते, हे पाहण्यासाठी मध्य प्रदेशातील बालाघाटचे उदाहरण घेता येईल. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून आहे. ब्रिटिश काळात तो मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता आणि आजही तेथे मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, तेथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. त्याच महिन्यात पणजीतील कमाल तापमान साधारण ३३ अंशांच्या आसपास राहते, मात्र हवा दमट असते. या दोन हवामानांत एकच फूल दोन वेगळ्या कारणांनी खराब होते. म्हणून त्याची निगाही वेगळी राखावी लागते.

तहान इतकी का?

हायड्रेंजियाच्या गुच्छात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती बहुतांशी निदले असतात. इतर फुलांत कळीला बाहेरून झाकणारा हिरवा भाग येथे रंगीत आणि मोठा झालेला असतो. खरी फुले अगदी बारीक असून ती या निदलांच्या मधोमध दडलेली असतात. एका गुच्छात अशी शेकडो निदले असल्याने पाण्याची वाफ होऊन जाण्यास मोठे क्षेत्र मिळते. त्यात पानेही रुंद असतात. झाडावर असताना मुळे ही तूट भरून काढतात. कापलेल्या दांडीला मात्र तिच्या तळाशी उघड्या असलेल्या सूक्ष्म जलवाहिन्यांवरच विसंबावे लागते.

या वाहिन्या दोन कारणांनी बंद पडतात. दांडी कापल्यावर ती काही काळ कोरडी राहिली, तर त्यांत हवा शिरते आणि बुडबुड्यामुळे पाण्याची अखंड धार तुटते. दुसरे म्हणजे, फुलदाणीतील पाण्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर कापलेल्या टोकावर साचतो. फुलदाणी पाण्याने भरलेली असूनही फूल तहानलेले राहते, ते यामुळे. हायड्रेंजिया या नावाचा ग्रीक अर्थ ‘पाण्याचे भांडे’ असा होतो. ते नाव त्याच्या फळाच्या आकारावरून पडले असले, तरी फुलाच्या स्वभावालाही ते शोभून दिसते.

निवड करताना

पूर्ण वाढलेला गुच्छ घ्यावा. बोटांना निदले किंचित जाड, कागदासारखी लागली पाहिजेत. फारच मऊ, पातळ आणि फिकट निदलांचा गुच्छ अर्धवट वाढलेला असतो आणि तो सर्वांत आधी कोमेजतो. मधली बारीक फुले उमललेली असणे, हे परिपक्वतेचे चांगले लक्षण होय. निदलांवर हिरवट किंवा तांबूस छटा असेल, तर फूल जुने म्हणून नाकारू नये. झाडावर अधिक काळ राहिलेल्या गुच्छांना अशी छटा येते आणि ते उलट जास्त टिकतात.

गुच्छ हलकेच उघडून आतल्या बाजूला पाहणे आवश्यक आहे. तेथे तपकिरी ओले डाग किंवा करडी बुरशी असेल, तर तो घेऊ नये. दुकानातील बादलीचे पाणी गढूळ असणे आणि दांडीचे टोक काळवंडलेले असणे, हीदेखील नकाराची कारणे आहेत. खरेदी सकाळी करावी आणि घरी नेताना फुले उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नयेत.

पहिले दोन तास

घरी येताच दांडीचे टोक धारदार चाकूने तिरके, दोन ते तीन सेंटिमीटर कापावे. शक्य असल्यास टोक पाण्यात बुडवूनच कापावे, म्हणजे वाहिन्यांत हवा शिरत नाही. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढावीत आणि वरचीही एक-दोनच ठेवावीत.

यानंतरचा उपाय प्रत्येक मराठी घरात सापडतो. ताजे कापलेले टोक तुरटीच्या बारीक पुडीत सेंटिमीटरभर दाबून मग पाण्यात ठेवावे. फुलांची सजावट करणारे ही रीत पूर्वीपासून वापरत आले आहेत. तुरटीमुळे टोकाजवळचे पाणी किंचित आम्ल होते आणि जिवाणूंची वाढ मंदावते. दांडी जून, लाकडासारखी असेल, तर तुरटीऐवजी टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरावे. उष्णतेने वाहिन्यांतील हवा बाहेर पडते. गुच्छाला वाफ लागू नये म्हणून तो कापडाने झाकून बाजूला झुकवावा.

मग दांड्या अर्ध्याहून अधिक बुडतील अशा खोल भांड्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी किमान दोन तास ठेवाव्यात. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी चांगलेच तापलेले असते. ते थेट न वापरता घरात निवू द्यावे.

मान टाकल्यास

हायड्रेंजियाची निदले स्वतःही पाणी शोषून घेतात. कोमेजलेला गुच्छ टब किंवा बादलीतील थंड पाण्यात अर्धा तास ते दोन तास पूर्ण बुडवून ठेवावा, टोक नव्याने कापावे आणि दांडी स्वच्छ पाण्यात उभी करावी. बहुतेक वेळा फूल पुन्हा ताठ होते. निदलांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या असतील, तर मात्र ते भाग परत येत नाहीत. बुरशी लागलेला गुच्छही बुडवू नये.

कोरडी हवा, दमट हवा

बालाघाटच्या उन्हाळ्यात फुलाचा शत्रू बाष्पीभवन आहे. तेथे निदलांवर सकाळी पाण्याचा बारीक फवारा मारणे उपयुक्त ठरते. फुलदाणी पंख्याखाली किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. कूलरची हवा थंड असली, तरी तिचा वेग निदलांतील ओलावा ओढून नेतो. पाण्याची पातळी दिवसातून दोनदा पाहावी.

गोव्यात, विशेषतः चतुर्थीच्या सुमारास, हवेतच भरपूर ओलावा असतो. तेथे फूल सुकण्याआधी कुजते. म्हणून येथे फवारा टाळावा, गुच्छ एकमेकांना दाबून भरू नयेत आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. पाणी रोज बदलणे, फुलदाणी साबणाने धुणे आणि दर दोन दिवसांनी टोक कापणे दोन्हीकडे सारखेच गरजेचे आहे. पिकलेली फळे जवळ ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणारा इथिलीन वायू फुले लवकर वयस्क करतो. ही काळजी घेतल्यास पाच ते सात दिवस फुले टिकण्याची अपेक्षा ठेवता येते.

दोन गैरसमज, एक इशारा

हायड्रेंजिया आम्ल मातीत निळे आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी होते, हे खरे आहे. आम्ल मातीतील ॲल्युमिनियम मुळांवाटे फुलात पोहोचल्याने निळा रंग येतो. तुरटीतही ॲल्युमिनियम असते, म्हणून फुलदाणीत ती टाकल्यास गुलाबी फूल निळे होईल, असे मानणे मात्र चुकीचे आहे. तो रंग झाडावर वाढतानाच ठरतो. तांब्याचे नाणे टाकल्याने फुले टिकतात, हा समजही फारसा कामाचा नाही. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड तांब्याच्या खाणीसाठी प्रसिद्ध असले, तरी नाण्यातून पाण्यात उतरणारे तांबे नगण्य असते.

इशारा अधिक महत्त्वाचा आहे. हायड्रेंजियाची पाने, कळ्या आणि फुले पोटात गेल्यास विषारी ठरू शकतात. त्यांनी केक किंवा मिठाईचे ताट सजवू नये. लहान मुले, मांजरे आणि कुत्री यांच्यापासून फुलदाणी दूर ठेवावी. देवापुढील निर्माल्य गाईला घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्या निर्माल्यात हायड्रेंजिया असेल, तर ते वेगळे काढून खतात टाकावे.

शेवटचा उपयोग

गुच्छ परिपक्व असेल, तर तो सुकवून जपता येतो. फुलदाणीत थोडेच पाणी ठेवावे आणि ते संपेपर्यंत पुन्हा भरू नये. दांडी सावकाश सुकते, निदले आकार टिकवून कागदासारखी होतात आणि रंग फिकट होऊनही शोभा राहते. यासाठी बालाघाटचा कोरडा हिवाळा उत्तम. गोव्यात पावसाळा टाळून डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत हा प्रयोग करणे सोयीचे ठरेल.