शिरोरेषा, अनुस्वार आणि फॅक्सचा ठिपका

फॅक्सच्या यंत्राला कागदावर अक्षरे दिसत नाहीत. दिसतात ते काळे आणि पांढरे ठिपके. 1980 साली ठरलेल्या 'ग्रुप 3' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ए-फोर कागदाच्या एका आडव्या ओळीत 1728 ठिपके मोजले जातात, म्हणजे मिलिमीटरला साधारण 8. उभ्या दिशेला मात्र 'स्टँडर्ड' प्रतीत मिलिमीटरला 3.85 ओळीच पडतात. 'फाइन'चे बटण दाबले की त्या दुप्पट होतात. स्टँडर्ड प्रतीतल्या एका पानाचे जवळजवळ 20 लाख ठिपके होतात. ते जसेच्या तसे सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाने पाठवले, तर साडेतीन मिनिटे लागतील. सलग पांढऱ्या आणि सलग काळ्या पट्ट्यांची लांबी सांकेतिक रूपात कळवून हेच काम मिनिटाभरात उरकते.

या मिनिटाला वसईत किंमत होती. वसई-विरारचा दूरध्वनी कोड 0250 आणि मुंबईचा 022. वालीव, सातिवलीच्या गाळ्यांतल्या कारखान्याची ऑर्डर मुंबईला धाडायची, तर एसटीडी बूथवरचा मीटर डोळ्यांसमोर पळत असे. फाइन प्रतीला जवळजवळ दुप्पट वेळ, म्हणून स्टँडर्डकडे कल असणे साहजिकच होते. मराठी मजकुराला त्याची झळ जरा अधिक बसते. शिरोरेषा बारीक, जेमतेम एक-दोन ओळींत मावणारी. कागद यंत्रात एका अंशाने जरी तिरका गेला, तरी 17 सेंटिमीटरच्या ओळीत शिरोरेषा 3 मिलिमीटर ढळते आणि तिच्या अकरा पायऱ्या पडतात.

जुन्या यंत्रांत आलेले ठिपके थर्मल कागदावर तसेच उमटत. मोजमाप बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तो कागद काही महिन्यांत फिका पडे, हा वेगळा ताप. साधा कागद, लेझर प्रिंटर आणि संगणकातले फॅक्स-कार्ड आले तेव्हा खरी अडचण उभी राहिली. फॅक्समध्ये आडव्या दिशेने इंचाला 204 ठिपके, प्रिंटरचे 300. गुणोत्तर 1.47. निम्मा ठिपका छापता येत नाही, म्हणून काही ठिपके एकदाच छापायचे आणि काही दोनदा. परिणामी एका शब्दातला काना एका ठिपक्याचा, तर शेजारच्या शब्दातला दोन ठिपक्यांचा. वाचता येते, पण पान रोगट दिसते. यावर उपाय म्हणून कडा मऊ करण्याच्या युक्त्या निघाल्या. प्रत्येक ठिपक्याभोवतालचे शेजारी तपासायचे, पायरीचा नमुना ओळखायचा आणि कोपऱ्यात लहान आकाराचा ठिपका टाकायचा. ह्यूलेट-पॅकार्डने 1990 च्या लेझरजेट थ्री प्रिंटरमध्ये ठिपक्याचा आकारच कमी-जास्त करण्याची सोय दिली, ती याच जातीची.

पडद्यावर दुखणे निराळे. स्टँडर्ड फॅक्सचा प्रत्येक ठिपका पडद्याच्या एकेका पिक्सेलवर ठेवला, तर 1728 रुंद आणि जेमतेम 1143 उंच असे बसके पान दिसते, कारण मूळ ठिपका चौरस नाही. आधी प्रत्येक ओळ दोनदा घेऊन पान सरळ करावे लागते. मग ते पडद्यात मावेल इतके लहान करायचे. इथे सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत म्हणजे तीन ठिपक्यांतला एक ठेवून दोन टाकणे. टाकलेल्या ओळीत शिरोरेषा असेल, तर अख्खी ओळ बोडकी होते. 'चिंचोटी'तला किंवा 'मांडवी'तला अनुस्वार गेला, तर गावाचे नावच बदलते. त्यापेक्षा तीन गुणिले तीनच्या चौकटीतले काळे ठिपके मोजावेत: नवांतले चार काळे असतील, तर तेवढ्याच प्रमाणात करडा रंग द्यावा. रेषा फिकी होते, पण पुसली जात नाही.

मोठे करताना हिशेब उलटा. शेजारच्या चार पिक्सेलांची सरासरी घेणारी द्विरेषीय पद्धत जलद, पण चित्र धुरकट. सोळा शेजारी धरणारी घनीय पद्धत रॉबर्ट कीज यांनी 1981 साली मांडली. ती कडा अधिक नेटक्या ठेवते, मात्र गडद कडेलगत कधी पांढरी किनार उमटवते. टीव्हीवर आणखी एक गंमत. पाल पद्धतीच्या 576 ओळी एकाआड एक अशा दोन हप्त्यांत येत, त्यामुळे एकाच ओळीएवढी बारीक शिरोरेषा सेकंदाला 25 वेळाच उजळे आणि लुकलुके. तिथे अक्षर मुद्दाम उभ्या दिशेने किंचित पसरवणे, हेच शहाणपण.

हे सगळे फॅक्सबरोबर इतिहासजमा झालेले नाही. पालघर जिल्ह्यातले जुने सातबारा आणि फेरफार आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर मिळतात. वसई तालुका 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा जुन्या कागदांच्या माथ्यावर ठाण्याचेच नाव असते. तलाठ्याच्या हातच्या शाईतले हे पान मोबाइलवर बोटांनी मोठे केले जाते, तेव्हा वर सांगितलेलीच गणिते चालतात. डाग पुसणारी गाळणी जास्त कडक लावली, तर एकट्या ठिपक्याला ती कचरा समजते आणि हेक्टर-आरच्या आकड्यांमधले टिंब उडवते. कुठलीही पद्धत कागदावर नसलेली माहिती आणू शकत नाही. ती फक्त अंदाज बांधते, आणि जमिनीच्या कागदावर अंदाज चालत नाही. म्हणून मूळ स्कॅनला हात न लावता तो जपावा, कडा मऊ करण्याची हौस केवळ पाहण्यापुरती ठेवावी, आणि क्षेत्राच्या आकड्याबद्दल शंका आली तर मोबाइलवर प्रतिमा ताणत बसण्यापेक्षा तहसील कार्यालयातून प्रमाणित नक्कल घ्यावी.