एका दारात दोन चुली

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना कराडकडच्या एका गावात मी पहिल्यांदा सर्वेक्षणाला गेले. पहिल्याच घरी सोप्यात बसलेल्या आजींना विचारलं, "घरात माणसं किती?" "अकरा," त्या म्हणाल्या. मी अकरा लिहून मोकळी झाले. पाणी प्यायला आत गेले, तर स्वयंपाकघराच्या मधोमध पत्र्याचा आडोसा. अलीकडे एक शेगडी, पलीकडे दुसरी. सिलिंडर दोन, मिठाच्या बरण्याही दोन. भाऊ वेगळे झाले होते, दार तेवढं एक राहिलं होतं.

जनगणना असो की राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब, असा साधारण नियम आहे. म्हणून गावात विचारायचं असतं ते 'चुली किती?' मी अकरावर काट मारली आणि दुसरा फॉर्म काढला. थोरल्याकडचे पाच, धाकट्याकडचे पाच. उरल्या आजी.

"आजी, तुम्ही जेवता कुणाकडे?"

"सकाळची भाकरी थोरल्याकडं, रातची धाकट्याकडं."

फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.

समाजशास्त्र घेऊन काय शिकलीस, असं कुणी विचारलं की मी हे घर सांगते. बी.ए.ला हा विषय स्पेशल घेतला तेव्हा मामा म्हणाला होता, "म्हणजे समाजसेवा ना?" तसं नव्हे. समाजसेवेच्या जवळचा अभ्यासक्रम तो समाजकार्याचा, एम.एस.डब्ल्यू.चा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1936 मध्ये सुरू झाली ती त्याच शिक्षणासाठी. समाजशास्त्राचं काम त्याच्या अलीकडचं: माणसं अशी का राहतात, ते आधी नीट पाहणं. दोन भाऊ वेगळे झाले, तर ते त्या घरातलं भांडण. पण वाटणी, मुंबईची नोकरी आणि आईला कोण बघणार हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येक घरात त्याच क्रमाने येत असेल, तर दोष एकट्या सुनेच्या स्वभावाला देता येत नाही.

आपल्याकडे हा विषय जुना आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 मध्ये सुरू झाला. पहिले प्रमुख स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. त्यांच्यानंतर मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये आले आणि 1959 पर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे होत्या. 'युगान्त'मुळे त्या घरोघरी माहीत आहेत, पण मला त्या भेटल्या वेगळ्याच पुस्तकात. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात एका दुपारी कोयना धरणग्रस्तांचं सर्वेक्षण हाती लागलं. कर्वे आणि त्यांची मुलगी जाई निंबकर यांनी केलेलं, 1969 साली छापलेलं. माझं आजोळ कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलंय. घरी आजी ज्याला 'आमची उठाउठी' म्हणायची, ते इथे तक्त्यांत मांडलेलं होतं. आजीचं रडगाणं ही हजारो घरांची गोष्ट होती, हे मला त्या दुपारी कळलं.

आता पोटापाण्याचं. मार्क्स, वेबर, दुर्खीम पाठ करून पास होता येतं, नोकरी मात्र बहुधा संशोधन पद्धतीच्या पेपरावर मिळते. नमुना कसा निवडायचा, प्रश्न कसा घालायचा, आलेल्या उत्तरांचा तक्ता कसा करायचा, हे ज्याला येतं त्याला काम मिळतं. सोबत थोडं संख्याशास्त्र आणि एक्सेल शिकून घ्यावं. इंग्रजी वाचनाची भीती घालवावी, कारण मराठीत शिकलात तरी संदर्भग्रंथ बरेचसे इंग्रजीच असतात.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण सेट पास होऊन प्राध्यापक झाली, पण सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने. कायम जागेची वाट पाहण्यात तिची बरीच वर्षं गेली. शिक्षकी पेशा मनात असेल त्याने हे आधीच जाणून असावं. एकाने यूपीएससीला हाच विषय वैकल्पिक घेतला. तिथे त्याचे दोन पेपर असतात, मिळून 500 गुणांचे. निवड झाली नाही, पण आज तो जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात उत्तम बातमीदारी करतो. तिसरी बाजार संशोधनात आहे. बायका धुण्याची पावडर का बदलतात, हे विचारत ती गावोगाव हिंडते आणि आमच्या सगळ्यांत जास्त कमावते.

मी पुनर्वसनाच्या कामात आले. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार साधारणपणे जमीन घेण्याआधी त्या प्रकल्पाचे सामाजिक परिणाम तपासावे लागतात. म्हणजे पुन्हा तेच, दारोदार जाऊन माणसं मोजायची. तो कायदा पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा कुटुंबाच्या व्याख्येपाशी थांबले. विधवा स्त्री तिथे स्वतंत्र कुटुंब धरली आहे. मला सोप्यातल्या आजी आठवल्या. कपाळ मोकळं होतं त्यांचं. घरात त्या दोन मुलांत अर्ध्या-अर्ध्या वाटलेल्या, नमुना सर्वेक्षणात कुठल्या तरी एका फॉर्ममधलं सहावं नाव, आणि त्यांची जमीन सरकारने घेतली असती तर कायद्याने एक अख्खं कुटुंब. बाई एकच, पण कोण मोजतंय त्यावर तिच्या वाट्याला काय येणार ते ठरतं.

पहिल्या सर्वेक्षणाच्या त्या दिवशी मला एवढं सुचलं नव्हतं. सरांना फोन केला. ते म्हणाले, "रात्री झोपतात कुठे ते विचार आणि तिकडे धर."

विचारलं. आजींनी बसल्या जागेवर हात थोपटला. "हितंच की. मधल्या सोप्यात."

शेवटी रात्रीच्या भाकरीचा मान ठेवून धाकट्याच्या फॉर्ममध्ये त्यांचं नाव घातलं आणि शेऱ्याच्या रकान्यात बाकी सगळं लिहिलं. रकाना पुरला नाही, ओळ पानाच्या कडेपर्यंत गेली.