कपाटातला अर्धा स्वेटर: विणकाम अर्धवट का राहतं आणि ते पुन्हा हाती कसं घ्यायचं?

विणकामाची आवड असलेल्या जवळपास प्रत्येक घरात एक पिशवी असते. त्यात एक बाही झालेला स्वेटर असतो, सुईवर तसाच राहिलेला मफलर असतो, क्रोशाच्या रुमालाची पहिली सात-आठ वर्तुळं असतात आणि सुरकुतलेल्या कागदावर लिहिलेले आकडे असतात. सुरू केलं तेव्हा हे सगळं महिन्याभरात संपणार होतं. आता त्याला किती वर्षं झाली, हे नेमकं आठवत नाही.

जगभरातल्या विणकरांनी अशा कामांना गमतीनं ‘यूएफओ’ असं नाव दिलंय. उडती तबकडी नव्हे, तर ‘अनफिनिश्ड ऑब्जेक्ट’, म्हणजे अपुरी वस्तू. हे आळसामुळे होतं असं घरातल्यांना वाटतं आणि विणणारीलाही मनातून तसंच वाटत असतं. पण बहुतेक वेळा काम अडण्यामागे काही ठरावीक कारणं असतात. ती कळली तर यातली बरीच कामं पुरी होऊ शकतात. काही वेळा हा प्रश्न फक्त एका स्वेटरचा नसतो. विणणारी व्यक्ती निघून गेलेली असते आणि मागे राहिलेलं अर्धं काम टाकवतही नाही, पुरंही करता येत नाही.

किती टाके, किती तास?

पहिलं कारण साध्या गणिताचं आहे. २० सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब असा साधा मफलर घेऊ. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटीमीटरला २० टाके आणि २८ ओळी बसतात असं धरलं, तर एका ओळीत ४० टाके आणि एकूण ४२० ओळी होतात. म्हणजे १६,८०० टाके. मिनिटाला २० टाके घातले तरी सलग १४ तास लागतात. रोज रात्री जेवणं आवरल्यावर अर्धा तास मिळाला, तर एका मफलरला चार आठवडे. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला याच्या कितीतरी पट.

त्यात महाराष्ट्रातल्या बऱ्याच भागांत थंडी दोन-तीन महिन्यांची. दिवाळीनंतर उत्साहानं टाके घातले जातात, संक्रांतीपर्यंत पाठ तयार होते आणि फेब्रुवारी संपता संपता मांडीवर लोकर नकोशी होते. पुढची थंडी येईपर्यंत कुठली ओळ चालू होती, बाहीला किती टाके वाढवायचे होते, सगळं विसरलेलं असतं. बाळासाठी घेतलेल्या कामाची तर वेगळीच शर्यत असते. तीन महिन्यांच्या मापाचं झबलं पुरं होईपर्यंत बाळ सहा महिन्यांचं झालेलं असतं.

दुसऱ्या बाहीचा कंटाळा

दुसरं कारण मनाचं आहे. पहिल्या बाहीत नवी वीण शिकायची असते, आकार कसा येतो याची उत्सुकता असते. दुसऱ्या बाहीत काहीच नवं नसतं, तेच सगळं पुन्हा मोजून करायचं असतं. पायमोज्यांचंही तसंच. एक मोजा विणून दुसरा न विणण्याच्या सवयीला इंग्रजीत ‘सेकंड सॉक सिंड्रोम’ म्हणतात.

यावर अनुभवी विणकर एक सोपा उपाय करतात. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, शेजारी शेजारी विणायच्या. वेळ तेवढाच लागतो, पण दोन्ही बाह्या एकदमच संपतात आणि मापही तंतोतंत जुळतं.

माप चुकतं कुठे?

तिसरं कारण तांत्रिक आहे आणि सर्वात जास्त काम त्यामुळेच बंद पडतं. प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी असते. कुणाची वीण घट्ट, कुणाची सैल. नमुन्यात १० सेंटीमीटरला २० टाके सांगितलेत आणि १०० सेंटीमीटर घेरासाठी २०० टाके घालायला सांगितलेत, असं समजू. विणणारीच्या हातानं १० सेंटीमीटरला २० ऐवजी २२ टाके बसत असतील, तर तेच २०० टाके सुमारे ९१ सेंटीमीटरच भरतात. फरक दोनच टाक्यांचा, पण स्वेटर नऊ सेंटीमीटर तंग. हे लक्षात येतं तेव्हा अर्धं अंग विणून झालेलं असतं आणि मग ते गुपचूप पिशवीत जातं.

म्हणूनच आधी साधारण १५ सेंटीमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजायला सांगतात. कडेचे टाके ओढले जातात, त्यामुळे माप मधलंच घ्यायचं.

सुईच्या नंबरचा घोळ वेगळाच. आपल्याकडे घराघरांत रूढ असलेले नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी. ब्रिटिश १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, तर अमेरिकी १० नंबरची ६ मिलिमीटरची. अमेरिकी व्हिडिओ पाहून घरातली १० नंबरची सुई घेतली, तर वस्तू बाहुलीच्या मापाची होणार. मिलिमीटरचं माप पाहिलं की हा प्रश्न मिटतो.

क्रोशातही हाच गोंधळ आहे. अमेरिकेत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे आपला नेहमीचा खांब. नमुना कुठल्या पद्धतीचा हे न पाहता सुरुवात केली, तर रुमाल वाटीसारखा वर उचलला जातो किंवा त्याच्या कडेला चुण्या पडतात.

सुयांचं काम आणि क्रोशाचं काम: अर्धवट राहिल्यावर फरक काय?

दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. सुई निसटली तर टाके सुटतात आणि एखादा टाका गळला तर खालपर्यंत शिडीसारखी उसवण जाते. क्रोशात बहुधा एकच फास उघडा असतो. बाकीचे टाके तिथल्या तिथे बंद झालेले असतात. त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवली की काम वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं.

म्हणून सुयांवरचं काम लांबणीवर टाकताना टाके सुईवर ठेवू नयेत. ते ताणले जातात आणि पावसाळ्यात लोखंडी सुईचा गंज लोकरीला लागू शकतो. दाभणात गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांमधून काढावा, दोन्ही टोकांना सैल गाठ मारावी आणि सुई काढून घ्यावी. किचकट विणीत चालू कामातही दर २०-२५ ओळींनंतर असा दोरा घालून ठेवतात. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागतं.

पुरं करायचं की उसवायचं?

मानसशास्त्रात ‘बुडीत खर्चाचा सापळा’ म्हणून एक कल्पना आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाटकांच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग होता. काहींना तिकीट पूर्ण किमतीत, तर काहींना सवलतीत मिळालं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात, पूर्ण पैसे मोजलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. गेलेला पैसा परत येणार नसतानाही तो माणसाच्या निर्णयावर ओझं टाकतो.

विणकामात हे ओझं थोडं हलकं असतं, कारण उसवल्यावर धागा परत मिळतो. चादर बेतताना कापड चुकीचं कापलं तर ते जुळत नाही, स्वेटर मात्र पुन्हा गुंडा होऊ शकतो. बुडतो तो फक्त वेळ. त्यामुळे निर्णय घेताना एकच गोष्ट विचारावी: ही वस्तू आज पुरी झाली, तर कुणी वापरेल का? मूल मोठं झालं असेल, रंग आवडेनासा झाला असेल किंवा माप चुकलंच असेल, तर उसवणं शहाणपणाचं.

उसवलेला धागा वळणावळणाचा झालेला असतो. तसाच विणला तर वीण असमान दिसते. त्याची सैल लडी करून, चार ठिकाणी बांधून, कोमट पाण्यात भिजवून लटकवली की खऱ्या लोकरीची वळणं बरीचशी जातात. मोहेरसारखा केसाळ धागा मात्र उसवताना गुंततो, तिथे घाई चालत नाही.

पुरं करायचं ठरलं, पण लोकर संपली असेल तर? लेबलवर शेड नंबरबरोबर लॉट नंबरही असतो. एकाच शेडचे दोन लॉट वेगवेगळ्या वेळी रंगवलेले असतात. दुकानात ते सारखे वाटतात, पण उन्हात फरक उघडा पडतो. नवा गुंडा जुन्याजवळचा असेल तर काही अंतर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या धाग्यानं विणल्या की बदल डोळ्यांत भरत नाही. रंग जुळतच नसेल, तर गळा, कडा आणि मनगटाच्या पट्ट्या सरळ वेगळ्या रंगात कराव्यात. ते मुद्दाम केलेलं दिसतं.

दुसऱ्याच्या हातचं काम

सर्वात अवघड असतं ते आई, आजी किंवा मावशीनं अर्धं सोडलेलं काम. अमेरिकेतल्या जेन सिमोनिक आणि मेसी कॅप्लन या दोन विणकर मैत्रिणींनी २०२२ मध्ये ‘लूज एंड्स’ हा उपक्रम सुरू केला, तो यासाठीच. एखादी व्यक्ती वारली किंवा आजारपणामुळे तिचा हात चालेनासा झाला, तर घरचे लोक तिच्या अपुऱ्या कामाची माहिती पाठवतात. मग ते काम जाणणारा स्वयंसेवक शोधला जातो आणि तो विनामूल्य ते पुरं करून देतो. विणकाम आणि क्रोशासोबत गोधडी, भरतकाम अशी कामंही त्यात येतात.

घरच्या घरीही हे करता येतं, पण क्रम पाळावा लागतो. आधी धागा ओळखायचा. आपल्याकडे ‘लोकर’ म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा अ‍ॅक्रिलिक असतो. छोटा तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जपून जाळला, तर खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. हे कळणं गरजेचं, कारण गरम इस्त्रीनं अ‍ॅक्रिलिकची वीण कायमची चपटी होते आणि गरम पाण्यात चोळल्यानं लोकर आटते.

मग झालेल्या भागावर १० सेंटीमीटरमधले टाके आणि ओळी मोजायच्या. वेगळ्या धाग्यानं, वेगवेगळ्या सुयांवर छोटे चौकोन विणून तेच माप कुठल्या सुईवर येतं ते शोधायचं. आजीची सुई सापडली म्हणून तीच वापरावी असं नाही. आजीचा हात घट्ट असेल आणि नातीचा सैल, तर नातीला एक-दोन नंबर बारीक सुई लागेल.

एवढं करूनही जोडाची जागा थोडी दिसतेच. काही जण ती लपवत नाहीत. नव्या हाताची ओळ जिथून सुरू होते तिथे आतल्या बाजूनं एक रंगीत टाका घालतात.

पिशवीत ठेवायची चिठ्ठी

यातला बराचसा त्रास एका चिठ्ठीनं वाचू शकतो. काम बाजूला ठेवताना पिशवीत इतकं लिहून ठेवावं: वस्तू कुणासाठी, माप काय, सुई किती मिलिमीटरची, धाग्याचं लेबल किंवा लॉट नंबर, नमुना कुठला आणि कितवी ओळ झाली. सोबत विणून पाहिलेला चौकोन आणि शिल्लक धागाही ठेवावा. पुढच्या थंडीत पिशवी उघडणाऱ्या हाताला, मग तो स्वतःचा असो की दुसऱ्या कुणाचा, पुढचा टाका कुठून घालायचा ते लगेच कळेल.