धूळ पुसावी, काजळी राहू द्यावी

नाचायला जमलेल्या लोकांना दुःखाचे गाणे कोण ऐकवील? १९८२ साली न्यूयॉर्कच्या 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' या गटाला हीच शंका होती. तोवर रॅप म्हणजे मौज, नाच आणि थोडी फुशारकी. 'शुगर हिल रेकॉर्ड्स'च्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी मात्र 'द मेसेज'चा आग्रह धरला. मूळ कल्पना स्टुडिओतील वादक एड फ्लेचर यांची. रॅप केले त्यांनी आणि गटातल्या मेली मेलने. ज्याच्या नावावर गाणे गाजले, त्या फ्लॅशचा त्यात फारसा हातच नव्हता!

या गटाचे ब्राँक्स सत्तरच्या दशकात अक्षरशः जळत होते. विम्याच्या पैशांसाठी घरमालकांनीच लावलेल्या आगीही त्यांत होत्या. फुटक्या काचा, पैशाची चणचण, शाळा सुटलेली पोरे आणि शेवटी तुरुंग, हे सारे सात मिनिटांत येते. ठेका संथ, त्यामुळे शब्दन्‌शब्द कळतो. आपल्या शाहिरांनी डफावर जे केले, तेच इथे ड्रम मशीनवर झाले.

पुढे या ठेक्याचे काय झाले? १९९७ मध्ये पफ डॅडीने तो आपल्या यशाची शेखी मिरवणाऱ्या गाण्यात वापरला. गरिबीचा सूर श्रीमंतीच्या दारी वाजला. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या पहिल्या पन्नासांत 'द मेसेज'ला स्थान मिळाले. त्याच वर्षी 'शुगर हिल'चा स्टुडिओ आगीत खाक झाला. दैवाची थट्टा म्हणतात ती हीच!

म्हणूनच 'रीमास्टरिंग'चे मोल. जुन्या ध्वनिफितीवरील चुंबकीय थर काळाने झिजतो. तिच्यातला आवाज संगणकावर उतरवून खरखर कमी करतात, खर्ज आणि तार स्वरांचा तोल साधतात. कसबी हातांनी हे झाले, की दबलेला ठेका मोकळा होतो. पण हल्ली सारेच मोठ्याने वाजवायचा सोस. हळू आणि मोठा आवाज एकाच पातळीवर आणला, की दोन ठोक्यांमधली ती कोंदट शांतता नाहीशी होते. आणि या गाण्याची धग तर त्या शांततेतच आहे.

जुन्या देव्हाऱ्यावरची धूळ पुसावी, लाकूड तासू नये. ब्राँक्सच्या भिंतींवरची काजळी ही या गाण्यावरची धूळ नव्हे. तोच त्याचा निरोप आहे.