खिडकीतलं ऊन कासवाला पुरत नाही

आधी एक सांगतो. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव घरी पाळणं गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. असेल कुणाकडे, तर वनविभागाला कळवा, परस्पर शेतात सोडू नका. पुढचं बोलणं रीतसर नोंद केलेल्या परदेशी जमिनीवरच्या कासवांबद्दल.

वाढत्या पिल्लाचं कवच मऊच राहिलं, तर लोक म्हणतात, 'अहो, रोज पालक देतो, खिडकीत ऊनही येतं!' गोम तिथेच आहे. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. आणि कॅल्शियम पचवायला लागतं डी3 जीवनसत्त्व. ते कातडीत तयार होतं अतिनील-बी किरणांमुळे. हे किरण खिडकीची काच अडवते. ऊब मिळते, काम होत नाही. मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम ओढतं. कवचही हाडच की!

म्हणून हरळी, जास्वंदीची पानं, वर चिमूटभर कॅल्शियमची पूड. पोळी-दूध बंद. ऊन सकाळचं, उघड्यावरचं. मात्र आपल्या वर्ध्याचा मे महिना, पारा पंचेचाळिशी गाठतो! निम्मी जागा सावलीची आणि उथळ ताटलीत पाणी हवंच. पिल्लू घमेल्यात ठेवून आत जाल, तर भाजून निघेल. कवच आधीच दबत असेल तर पशुवैद्यांना दाखवा; नुसत्या उन्हाने ते भरून येत नाही.